पाखऱ्याचा नंदी

३ मे १९६१

अंगठा ठेचला. पहिल्याच दिवशी! अजून छिन्नी हातात आली नाही, नुसता दगड सरकवायला गेले तर बोट खाली. उस्ताद म्हणाले, "अच्छा हुआ, पत्थर ने पहचान लिया." ओळख करून घ्यायची ही कुठली रीत!

शाळेला सुटी लागली आणि मी संगमरवर कोरायला शिकायला लागले. दिग्रसमध्ये हे मोठ्यानं सांगायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते. कापसाचा हंगाम संपल्यामुळे जिनिंगचं मागचं शेड रिकामं आहे. बाजाराजवळ महादेवाचं नवं देऊळ बांधतायत, त्याच्या पंचांनी मकराण्याहून गोरधनजी नावाचे उस्ताद आणलेत. काम तीन-चार वर्षं चालणार, एकट्याच्यानं उरकणार नाही, तेव्हा इथलेच काही हात तयार करायचे असा बेत आहे. आठ जणांनी नावं दिली. सात बाप्ये आणि मी.

पंचांतले एक जण दारातच म्हणाले, "बाई, शिवणाचा वर्ग तिकडं मुलींच्या शाळेत असते."

म्हटलं, "ठाऊक आहे. तो मीच घेते!"

४ मे

आज दिवसभर दगड वाजवले. बस. कोरणं नाही, घासणं नाही — हातोडीनं हलकेच टिचकी मारायची आणि कान लावायचा. चांगला दगड टाळासारखा वाजतो. आत चीर असली तर नुसतं ठप्प.

माझ्याशेजारी धावजी बसतो. लमाण तांड्यातला आहे. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरायचे, हा आता गावाबाहेर जवारी-कापूस पेरतो. त्यानं एक दगड वाजवला आणि मला म्हणाला, "ताई, हा खोकलून राह्यला." उस्तादांनी दगड तपासला. दगड धडधाकट. "खाँसी तेरी है. बीड़ी छोड़!"

घरी येऊन मी पाटा वाजवला, वरवंटा वाजवला, उखळ वाजवलं. बेबीआत्या बाबांना म्हणाली, "पोट्टीले ऊन लागलं."

७ मे, रविवार

स्थळ आलं! बेबीआत्या म्हणजे बाबांची बहीण. आई गेल्यापासून आमचं घर तीच चालवते, आणि घर चालवून उरलेल्या वेळात माझं लग्न जमवते. या खेपेचं स्थळ राजूरचं. चुन्याची भट्टी आहे, बिजवर आहे, दोन लेकरं आहेत, "अन् सोभावानं गाय हाय व, गाय!" मी म्हटलं, मग गोठा बघा, मला कशाला बघता?

खरं सांगू? मला लग्नाचा राग नाही. त्या माणसाचाही नाही, त्याला मी पाहिलेलंसुद्धा नाही. पण एकतीस वर्षांची झाले. माझी शाळा आहे, माझा पगार आहे, संध्याकाळचा माझा निवांत चहा आहे. राजूरला गेले की हे सगळं चुन्यात. आणि त्यात आता ही दगडाची ओढ! चार दिवस झाले नाहीत आणि झोपेतही हात टिचक्या मारतो.

बाबांशी कडाक्याचं भांडण. बाबा बैलांशी भरपूर बोलतात, माणसांशी कमी. पण आज बोलले. "तुह्या मनात हाय तरी काय, विमल? एकदाचं सांगून टाक." मग मी सांगून टाकलं. वर्गाच्या शेवटी प्रत्येकानं एक नंदी करायचा आहे. पंच पाहणार, आणि सगळ्यांत चांगला तो श्रावणात महादेवापुढे बसणार. माझा बसला तर लग्नाचा विषय कायमचा बंद.

"अन् नाई बसला त?"

"तर राजूरला हो म्हणेन."

बाबांनी टाळी दिली. आत्यानं लगेच देवापुढे साखर ठेवली. एवढा विश्वास आहे माझ्या हातावर!

१२ मे

छिन्नी मिळाली! पहिल्याच घावाला दगडाचा कोपरा उडाला तो थेट वर्गातल्या उकंडराव सुतारांच्या टोपीवर. आमच्या दारावर टाकी लावणारी बाई येते ना, ती पाट्यावर सटासट घाव घालते — मी तसाच घातला. उस्ताद म्हणाले, तो काळा दगड मार खातो, हा रुसतो. छिन्नी तिरकी धरायची आणि हात हलका ठेवायचा.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी. जेवढं काढायचं तेवढ्यावर गेरूनं लाल खूण करतात आणि न बोलता पुढे जातात. आपण लाल दिसेल ते छिलून टाकायचं. संध्याकाळी येऊन हात फिरवतात. "हूं" म्हणाले तर बरं. "हं" म्हणाले तर उद्या परत.

मला आज "हं". मग पुन्हा "हं". मग नुसताच सुस्कारा.

१३ मे

हं.

२१ मे

काय हे ऊन! पत्र्याखाली आमचे पापड झालेत. छपराच्या लाकडी कैच्यांना अजून कापसाची रुई लटकली आहे, ती अंगावर पडते. खालून दगडाची धूळ उडते. घरी जाताना बोळातली ओळखीची कुत्रीसुद्धा भुंकली. आत्या अंगणातच दोन घागरी ओतते, त्याशिवाय उंबरठा ओलांडू देत नाही.

नंदीचं ठरलं. उकंडराव कॅलेंडरवर पाहून करणार आहेत. धावजी म्हणतो, मी डोक्यातला करीन. उस्तादांनी मात्र सांगितलं, "जो आँख से देखा है वही बनाओ. तस्वीर में सामने का दिखता है, पीछे का कहाँ दिखता है?" हे मला फार पटलं. पाहायला लांब कशाला जायचं? आमच्या गोठ्यात पाखऱ्या आहे! पांढऱ्या अंगावर करडे ठिपके, पसरट शिंगं, गळ्याखाली झालरीसारखी पोळी. रवंथ करत बसला की साक्षात नंदी. बाबांचा तर जीव की प्राण. ठरलं, त्याचाच करते.

२५ मे

दुपारभर गोठ्यात. पुढून काढला, बाजूनं काढला, मागून काढला. सुतळीनं मापं घेतली. पाखऱ्यानं मागच्या बाजूचं चित्र खाल्लं! परत काढलं. बाबा वेसण धरून उभे होते. "बरोबर काढजो, त्याचा डावा कान थोडा खाली असते." मी डावा कान खाली घेतला. बाबांनी कागद हातात धरून बराच वेळ पाहिला. मग तो पाखऱ्याला दाखवला!

एक कबूल करते. पाखऱ्या इतकी वर्षं आमच्या दारात आहे आणि मी त्याला आजच पाहिलं.

११ जून, रविवार

कान. गेला आठवडाभर नुसता कान. बाकीचं धड कसंबसं गोल झालंय, पण कान म्हणजे दगडाचा पापुद्रा. जास्त कोरला तर तुटणार, कमी कोरला तर पायातला जोडा दिसणार. छिन्नी बाजूला ठेवली आणि बारीक कानशीनं घासत बसले. श्वास धरून. काल धावजी शिंकला तर मी त्याला मारायला धावले.

बाबा रोज येतात. बाजारात काम होतं म्हणून. कधी सरकी पाहायला, कधी दोर पाहायला. मग माझ्या मागं पोत्यावर तासभर बसतात. बोलत नाहीत. आज उठताना म्हणाले, "माशी बसली त हलवन असं वाटून राह्यलं."

माझ्या जन्मात बाबांनी माझं असं कौतुक केलेलं नाही. मॅट्रिक झाले तेव्हाही नाही.

१२ जून

हूं!! उस्ताद "हूं" म्हणाले! कानावर बोट फिरवून, डोळे मिटून, लांबलचक "हूंऽ".

२६ जून

शाळा सुरू झाली. वर्ग आता संध्याकाळी. सकाळी मुलींना काज-बटण शिकवते आणि मनात पाखऱ्याच्या वशिंडाचा उतार चालू असतो. आज एका मुलीच्या झंपराला मी वशिंड ठेवलं. उसवून द्यावं लागलं.

घरी आत्या कुरडया घालतेय. एवढ्या कुरडया कोणाला म्हणून विचारलं. "राजूरले नेजो." बघा!

२ जुलै, रविवार

नंदीची मागची बाजू घेतली. आज सगळेच विचित्र वागतायत. धावजी जवळ आला, इकडं-तिकडं पाहिलं, म्हणाला, "ताई, मागून जरा दगड राहू द्या."

"का? मजबुतीसाठी?"

"नाई... तसं नाई. तसाच राहू द्या."

"अरे पण का?"

"असते," म्हणाला आणि बीडी प्यायला पळाला. मत्सर! दुसरं काय? त्याच्या नंदीला अजून पाय फुटले नाहीत.

मग उस्ताद आले. नेहमीसारखे तडक न जाता तीनदा घसा खाकरला. मग नंदीच्या मागं, शेपटीच्या खाली गेरूनं दोन गोल काढले. छान ठसठशीत. आणि आढ्याकडे बघत निघून गेले. मी पाहिलं तर खरंच, तिथं दगडाचा फुगवटा राहूनच गेला होता. पाखऱ्या मागून किती सडपातळ आहे! लाल खूण म्हणजे काढायचं. अंधार पडायच्या आत दोन्ही गोल साफ केले, वरून कानस मारली. गुळगुळीत!

३ जुलै

उस्तादांनी संध्याकाळी मागून हात फिरवला. "हूं" नाही, "हं" नाही. खाली बसले आणि पाणी मागितलं. वय झालंय त्यांचं. या हवेत एवढं काम करू नये.

९ जुलै, रविवार

आता लिहूनच टाकते. पानाशी कसली लाज!

धावजीची बायको रुपीबाई त्याची भाकर घेऊन आली. कोपरापर्यंत बांगड्या, आरशांची कांचळी, आवाज शेडभर. माझ्या नंदीपुढं उभी राहिली. "ए याडी, माय व! आता उठन अन् पेंड मागन!" मी अशी फुलले म्हणता! मग ती चक्कर मारून मागं गेली. वाकली. आणि जी हसायला लागली — भाकरीचं फडकं हातातून सुटलं, खालीच बसली.

"ताई व! हा त बडवलेला हाय!"

"काय आहे?"

"औताचा बैल हाय व हा! नंदी असा असते काय? नंदी म्हंजे वळू! देवाच्या बैलाले कोणी बडवते काय? अन् दर्शनाले बाया येतीन त्या मागून हात कायले लावतीन? हवेले?"

सातही बाप्ये एकदम कामाला लागले. इतका ठणठणाट या शेडात मी कधी ऐकला नव्हता.

देवा महादेवा! गावातली प्रत्येक बाई गाभाऱ्यात जाण्याआधी नंदीच्या मागं हात लावते, तो हात डोळ्याला लावते आणि मग शिंगांमधून पिंड पाहते. मी परकरात होते तेव्हापासून लावत आले. पण डोळे अर्धे मिटून, चार बायका करतात तसं! कोणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं की शेपटीला हात लावतात. आणि नंदी करायला बसले तर समोर घेतला पाखऱ्या — गोऱ्हा असतानाच बडवून खच्ची केलेला, औताचा, सज्जन बैल. जसा दिसला तसा केला!

आणि ते दोन लाल गोल? ते ठेवायचे होते. उन्हाळाभर लाल म्हणजे काढ, आणि एवढीच खूण ठेव म्हणून! मी उस्तादांपुढे उभी राहिले. म्हटलं, तोंडानं का नाही सांगितलं? ते गेरूसारखे लाल झाले. "मास्टरनीजी, मैं कैसे कहता? आप लड़कियों को पढ़ाती हैं."

लाज त्यांची, आणि नंदी माझा गेला.

१० जुलै

बैल गेला अन् झोपा केला. आता सगळ्यांना वाचा फुटली आहे. धावजी म्हणतो, म्या त सांगतलं होतं. उकंडराव म्हणतात, मी सांगणारच होतो, पण म्हटलं बाईमाणूस. एरवी रस्त्यात चारचौघांत काय काय बोलतात हे लोक! आणि इथं एक शब्द फुटेना.

मला खरा राग आलाय तो बाबांचा. जन्म गेला बैलांत! रोज पोत्यावर बसत होते! "बाबा, तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं ना."

"मग?"

"पाखऱ्या तसाच हाय ना व. मले वाटलं, तू पाखऱ्याच करून राह्यली."

 करायला गेले नंदी... म्हणही नवी करावी लागेल.

१४ जुलै

दुसरा दगड मागितला. दारव्ह्याच्या स्टेशनवर उतरलेला सगळा दगड देवळाच्या पायऱ्यांना आणि खांबांना लागणार, जादा तुकडा नाही. आणि असता तरी श्रावण तोंडावर आलाय.

मग लाख आणि संगमरवराची भुकटी कालवून दोन गोळे केले आणि चिकटवायला नेले. हो, मीच केले, याच हातांनी! आत्यानं विचारलं, कायचे लाडू हाय. उस्तादांनी हात जोडले. "जोड़ का देवता नहीं होता." बरोबरच आहे. जोडलेली मूर्ती पूजेला चालत नाही, हे मलाही ठाऊक होतं. तरी नेले.

रडू आलं. दाबलं.

३० जुलै, रविवार

पंच आले. आठही नंदी रांगेत मांडले. माझ्यापाशी सगळे थांबले. "वा! डोळे पहा. पोळी पहा. अन् हा कान!" मला वाटलं, न जाणो, घोटाईच्या झळाळीत निभावून जाईल. अध्यक्ष मागं गेले. धोतर सावरलं, सवयीनं वाकले, सवयीनं हात पुढे केला.

हात हवेत राहिला. बराच वेळ. मग तो त्यांनी स्वतःच्याच टकलावरून फिरवला आणि म्हणाले, "चेहरा फार छान आहे."

निवड उकंडरावांच्या नंदीची झाली. त्याचं तोंड म्हशीचं आहे आणि पाय टेबलाचे आहेत — सुतार ना! पण मागून भरभक्कम. कोणीही यावं, दोन्ही हात लावावेत.

हरले.  आत्यानं साखरेची वाटी देवापुढून उचलली आणि चहात घातली.

१४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार

नंदी बसला. उकंडरावांचा. मी रांगेत उभी राहिले, हात लावला. या खेपेला डोळे उघडे ठेवून! पुढच्या बाईनं वळून पाहिलं.

बाहेर उस्ताद भेटले. म्हणाले, खांबांवर वेली कोरायच्या आहेत, दारावर हत्ती, वर फुलांची पट्टी. "आप का हाथ मुझे चाहिए था, मास्टरनीजी. फूल-पत्ती दे देता. फूल में क्या ग़लती होगी?" मी हसले. मग ते म्हणाले, "पर सुना है, आप तो ब्याह करके जा रही हैं." मी मान हलवली आणि तिथून निघाले. बोळात शिरेपर्यंत कसंबसं धरलं. पदर तोंडात धरून रडले. कुत्री आली, पायाशी बसली. आज भुंकली नाही.

मला नंदी हरल्याचं एवढं दुःख नाही. पुढच्या दगडाला कोण टिचकी मारणार, याचं आहे.

२० ऑगस्ट, रविवार

शब्द म्हणजे शब्द. जेवताना बाबांना म्हटलं, "राजूरच्या लोकांना बोलवा. मी तयार आहे." बाबांनी वरणात पाणी ओतलं. "पाहू. पोळा होऊ दे." आत्यानं तर आनंदानं उडी मारायला हवी होती. तीही पानावरून उठली. मग चुलीशी जाऊन म्हणाली, "मंग संध्याकाळी माह्यासंग चहा कोण पिन?"

अगं मग इतकी वर्षं स्थळं कशाला आणलीस!

पोळा

बाबांना वेड लागलं. काल खांदेमळणीला पाखऱ्याच्या खांद्याला लोणी-हळद लावली ती समजते. आज सकाळी बघते तर धावजी आणि ते दोघं मिळून शेडातून माझा दगडी बैल गाडीत घालतायत! "बाबा, कुठं नेता?" "पोळ्याच्या तोरणाखाली."

सगळं दिग्रस जमलेलं. रांगेत खरे बैल — झुली, बाशिंगं, घुंगरं. आणि त्यांच्यामधे गाडीवर माझा हा पांढरा, आखूड, बसलेला! मी आत्याच्या मागं लपले. लोक हसायला लागले. बाबा ताठ उभे. एकानं विचारलं, "मारोतराव, हा तोच काय गा, देवळातून वापस आलेला?" बाबा म्हणाले, "वापस नाई आला. त्याचं काम वावरात हाय. पोळा वळूचा असते का बैलाचा? बारा महिने औताले जुपला त्याचा असते!"

 मग उकंडराव पुढं आले. त्यांनी टोपी सारखी केली आणि पोळ्यात बैलांपुढे म्हणतात तशी खणखणीत झडती म्हटली:

"खाये ना पेंड, मागे ना चारा,
मास्तरीणबाईचा बैल न्यारा!"

"हर हर महादेव!" — सगळा बाजार. बायका आल्या, ओवाळलं, कुंकू लावलं. रुपीबाईनं मागं जाऊन कुंकू लावलं आणि पुन्हा हसत खाली बसली. पाखऱ्यानं स्वतःच्या दगडी कानाला जीभ लावून पाहिली. डाव्या.

मी दिवसभर हसत होते. खूप दिवसांनी. गाडी परत येताना आठवलं की पोळा झाला.

तान्हा पोळा

काल बैलांचा झाला, आज पोरांच्या लाकडी बैलांचा. सकाळी पोस्टकार्ड घेऊन गोठ्यात गेले. "पोळा झाला, बाबा. राजूरला काय लिहू, सांगा." बाबा शेण भरत होते. मान वर केली नाही.

"कायले लिहितं? मी त्याईले जेठातच नाई म्हणून आलो. तू कानाले बसली होती ना, तवा."

"जेठात? मग पैज?"

"पैज नसती त तू इतका जीव लावला असता काय?"

"लावला असता!" एवढ्या जोरात ओरडले की पाखऱ्या उठून उभा राहिला.

दुपारपर्यंत बाबांशी बोलले नाही. शाळा सुटल्यावर देवळाकडे गेले. उस्तादांनी खांबावर गेरूनं वेल काढून ठेवली होती. म्हटलं, आधी तोंडानं सांगा — काढायची की ठेवायची?